नागपूरच्या चांदीपुऱ्याचा विषाणू : पेशीच्या मागावर परका कारागीर

पावसाळ्याच्या पहिल्या सरी येऊन गेल्या, की दवाखान्यात तापाच्या रुग्णांची रांग लागते आणि ‘व्हायरल आहे’ हे दोन शब्द वारंवार कानावर पडू लागतात. पुष्कळांना ते ऐकून हायसे वाटते. व्हायरल म्हणजे साधा ताप, तीन दिवसांत आपोआप उतरणारा, असा सर्वसाधारण समज आहे. काहींना उलट राग येतो. डॉक्टरांना रोग कळला नाही, म्हणून त्यांनी ‘व्हायरल’ म्हणून वेळ मारून नेली, असे त्यांना वाटते. मग ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात आणि ‘चांगली पॉवरफुल सुई द्या’ म्हणून हट्ट धरतात.

या दोन्ही समजुती अर्धवट आहेत. व्हायरस म्हणजे विषाणू. सर्दीचा विषाणू असतो, तसा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून येणाऱ्या रेबीजचाही विषाणूच असतो. २०२० साली सगळे जग घरात कोंडले गेले ते एका विषाणूमुळेच. आणि एक विषाणू तर असा आहे, की ज्याला आपल्या नागपूरचे नाव जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत घेऊन जाण्याचा मान मिळाला आहे. मान म्हणायचा की अपमान, हे वाचकांनीच ठरवावे. त्याचे नाव चांदीपुरा विषाणू.

सावनेर तालुक्यातल्या आपल्या खाप्यासारख्या गावांत, जिथे अजून मातीच्या भिंती आहेत, घरालगत जनावरांचा कोठा आहे आणि कोठ्यामागे शेणखताचा उकिरडा आहे, तिथे या विषाणूची माहिती प्रत्येक आईबापाला असायला हवी. कारण तो लहान मुलांवर झडप घालतो, आणि ती इतकी वेगाने, की घरच्यांना विचार करायला फारसा वेळ मिळत नाही. हा वेग येतो कुठून, ते समजायचे असेल तर विषाणू आपल्या पेशीत शिरून नेमके काय करतो ते पाहावे लागेल. आज तेच पाहू.

नाव कसे पडले?

१९६५ साली नागपुरात चिकुनगुन्या आणि डेंग्यू या तापांची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ रुग्णांचे रक्त तपासत होते. हे केंद्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये स्थापन केले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात शास्त्रज्ञांना असा एक विषाणू मिळाला, जो चिकुनगुन्याचाही नव्हता आणि डेंग्यूचाही नव्हता. तोपर्यंत माहीत असलेल्या कोणत्याच विषाणूशी तो जुळेना. प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि नागपूरच्या चांदीपुरा या ठिकाणावरून त्याचे नाव ठेवले.

त्या काळी अशी पद्धतच होती. झिका हे युगांडातल्या एका जंगलाचे नाव, इबोला ही आफ्रिकेतली एक नदी, आणि कर्नाटकातल्या माकडतापाला क्यासनूर जंगलाचे नाव मिळाले. गावाची बदनामी होते म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या रोगांना जागेचे नाव देऊ नये असे सुचवले. चांदीपुऱ्याचे नाव तोपर्यंत पुस्तकात जाऊन बसले होते.

पुढची बरीच वर्षे या विषाणूकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही. एक साधा ताप आणणारा विषाणू, एवढीच त्याची नोंद. २००३ च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत मात्र तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, करीमनगर, वरंगळ या भागांत, मुले अचानक तापाने फणफणून, झटके येऊन बेशुद्ध पडू लागली. ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. सर्वांत लहान नऊ महिन्यांचे, सर्वांत मोठे चौदा वर्षांचे. पुण्याच्या संस्थेने तपास केला तेव्हा सापडला तो नागपूरचा जुना ओळखीचा विषाणू. २००४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा दिसला. त्या वेळी तर लागण झालेल्यांतील तीन चतुर्थांशाहून अधिक मुले गेली. २००७ मध्ये आपल्या नागपूर विभागातच साथ आली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतही विदर्भात रुग्ण सापडले. २०२४ च्या पावसाळ्यात, जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत, देशात मेंदूज्वरासारख्या आजाराचे २४५ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी ८२ मृत्युमुखी पडले. ६४ जणांत चांदीपुरा विषाणू असल्याचे तपासणीत सिद्ध झाले, आणि त्यांतले बहुतेक गुजरातचे होते.

विषाणू जिवंत की निर्जीव?

शाळेत सातवी-आठवीत असताना जीवाणू आणि विषाणू हे दोन शब्द आपण पाठ केलेले असतात, आणि नंतर दोन्हींची गल्लत करतो. जीवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, हा एका पेशीचा का होईना, पण पूर्ण संसार असलेला जीव आहे. तो स्वतः खातो, स्वतः वाढतो, आपले आपण दोन तुकडे करून दोनाचे चार होतो. दही विरजले की रात्रभरात घट्ट होते ते याच हिशोबाने. विषाणूला असा संसारच नाही. त्याला खाणे नाही, श्वास नाही, वाढ नाही. काचेच्या नळीत ठेवलेला विषाणू धुळीच्या कणासारखा पडून राहतो. त्याची पैदास फक्त एका जागी होते, ती म्हणजे दुसऱ्याच्या जिवंत पेशीत.

खाप्याच्या विणकरांची परंपरा जुनी आहे, म्हणून विणकामाचेच उदाहरण घेऊ. विणकराच्या घरी माग आहे, सूत आहे, धोटा आहे, मागावर बसणारे हात आहेत. एखाद्या रात्री कोणी परका माणूस घरात शिरला. त्याच्याजवळ सूत नाही, माग नाही. खिशात फक्त एका नक्षीचा कागद आहे आणि सोबत एक चलाख कारागीर आहे. त्याने घरच्यांचे काम बंद पाडले, घरचेच सूत मागावर चढवले आणि आपल्याच नक्षीचे कापड विणायला लावले. तेही एक-दोन नव्हे, हजारो वार. शेवटी सूत संपले, माग मोडला, आणि घर ओस पडले. विषाणू करतो ते नेमके हेच. आपली पेशी म्हणजे ते विणकराचे घर.

चांदीपुरा विषाणूचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा आहे, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला सपाट. रेबीजचा विषाणूही असाच दिसतो, कारण दोघे एकाच कुळातले, दूरचे चुलतभाऊ म्हणा. लांबी इतकी कमी, की एका मिलिमीटरमध्ये असे सहा हजार विषाणू एकापुढे एक सहज उभे राहतील. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आत आरएनए नावाचा एक लांब धागा असतो. नक्षीचा कागद म्हणतो तो हाच. त्यावर सुमारे ११ हजार रासायनिक अक्षरे आहेत. माणसाच्या पेशीतील मजकूर ३०० कोटी अक्षरांचा आहे. म्हणजे विषाणूचा सगळा वेद या वर्तमानपत्राच्या एका पानात मावेल. आणि त्या एका पानात फक्त पाच प्रथिनांची कृती लिहिलेली आहे. त्या पाचांच्या जोरावर तो धडधाकट पोर दोन दिवसांत लोळवतो.

दार उघडते कसे?

या पाच प्रथिनांना शास्त्रज्ञांनी एन, पी, एम, जी आणि एल अशी एकेका अक्षराची नावे दिली आहेत. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, कामे लक्षात ठेवा. चांदीपुऱ्याच्या अगदी जवळचा एक भाऊ जनावरांच्या तोंडात फोड आणतो. प्रयोगशाळेत तो अनेक दशके अभ्यासला गेला आहे, आणि पुढची बरीचशी माहिती त्याच्यावरून मिळालेली आहे.

विषाणूच्या अंगावर जी प्रथिनाचे काटे असतात. पेशीच्या बाहेरच्या पातळ आवरणावर काही खुंट्या असतात, ज्या खरे तर पेशीने स्वतःच्या कामासाठी ठेवलेल्या असतात. काटा त्या खुंटीत अडकतो. पेशीला वाटते, काही उपयोगी वस्तू दाराशी आली. ती आवरणाला खळगा पाडते आणि त्या पाहुण्याला पिशवीत गुंडाळून आत ओढून घेते. म्हणजे विषाणू दार फोडत नाही. घरचेच लोक त्याला आत घेतात.

आता खरी गंमत पुढे आहे. आत आलेल्या वस्तू पचवण्यासाठी पेशी त्या पिशवीत हळूहळू आंबटपणा, म्हणजे आम्ल वाढवते. विषाणू याचीच वाट पाहत असतो. आम्ल लागताच जी प्रथिनाच्या काट्याची घडी उलगडते, तो पिशवीच्या भिंतीत रुततो, आणि विषाणूचे आवरण व पिशवीची भिंत एकमेकांत मिसळून जातात. तेलाचे दोन थेंब जवळ आले की एक होतात, तसे. भोक पडते आणि आतला आरएनएचा धागा पेशीच्या मधल्या रसात उतरतो. शत्रूला संपवण्यासाठी टाकलेले आम्लच शत्रूची किल्ली ठरते.

उलटा शिक्का

इथे विषाणूपुढे एक अडचण असते. रबरी शिक्का पाहिला असेल, त्यावरची अक्षरे उलटी असतात. कागदावर ठसा उमटवला की मगच ती सुलटी वाचता येतात. चांदीपुऱ्याचा आरएनए असा उलटा आहे. आपल्या पेशीतली यंत्रणा फक्त सुलटा मजकूर वाचते. पोलिओच्या विषाणूचा धागा सुलटा असतो. तो पेशीत पडला की पेशी लगेच वाचायला बसते. चांदीपुऱ्याचा नुसता धागा पेशीत टाकला तर मात्र काहीही होणार नाही. उलट्यावरून सुलटे करणारे यंत्र माणसाच्या पेशीत नसतेच. म्हणून हा विषाणू ते यंत्र बरोबर घेऊन येतो. तो एल प्रथिनाचा बनलेला आहे, आणि पी प्रथिन त्याचा मदतनीस. मघाशी सांगितलेला चलाख कारागीर तो हा. कोलकाता विद्यापीठात ध्रुवज्योती चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पी प्रथिनावर पुष्कळ काम केले. या मदतनिसाला कामाला लावण्यासाठी त्याच्यावर फॉस्फेटची एक रासायनिक खूण लागते, आणि ती खूण उमटवते आपल्याच पेशीतले एक विकर, असे त्यांना आढळले. म्हणजे कारागीर परका, पण त्याचा परवाना घरच्यांनीच सही करून द्यायचा!

कारागीर धाग्याच्या एका टोकापासून छापायला सुरुवात करतो. वाटेत पाच थांबे: आधी एन, मग पी, एम, जी आणि शेवटी एल. नागपूरला निघालेल्या एसटीतून प्रत्येक थांब्यावर चार-दोन माणसे उतरावीत आणि नवीन कोणी चढू नये, तसे होते. प्रत्येक थांब्यावर काही यंत्रे गळून पडतात. साहजिकच पहिल्या थांब्याचा माल सर्वांत जास्त निघतो आणि शेवटचा सर्वांत कमी. यात विषाणूचा नेमका फायदा आहे. एका विषाणूच्या धाग्याभोवती गुंडाळायला एन प्रथिनाच्या हजाराहून अधिक प्रती लागतात, आणि एल यंत्रे मात्र थोडीच पुरतात. कसलाही हिशोबनीस न ठेवता मालाचे प्रमाण आपोआप बरोबर राहते.

छापलेले सुलटे हुकूम पेशीतल्या रायबोसोमकडे जातात. रायबोसोम म्हणजे प्रथिने विणणारा माग. तो कोणाचा हुकूम आहे हे पाहत नाही. आला तो हुकूम विणतो. सूत पेशीचे, शक्ती पेशीची, माग पेशीचा.

एन प्रथिनाचा ढीग वाढला की कामाची पद्धत बदलते. नवा तयार होणारा धागा लगेच एन प्रथिनात गुंडाळला जातो आणि मग यंत्र थांबेच घेत नाही, एसटीची जणू विनाथांबा गाडी होते. आता अखंड सुलटी प्रत निघते, तिच्यावरून पुन्हा अखंड उलटी प्रत, आणि अशा शेकडो उलट्या प्रती तयार होतात. नवीन विषाणूंचा गाभा तो हाच. हे सगळे पेशीच्या केंद्रकाच्या बाहेर, मधल्या रसात चालते. एचआयव्हीचा विषाणू केंद्रकात शिरून आपला मजकूर आपल्या वंशसूत्रांतच शिवून टाकतो आणि वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. चांदीपुऱ्याला तेवढा धीर नाही. त्याचा सगळा खेळ तासांचा आहे.

एम प्रथिनाची कामे दोन, आणि दोन्ही वाईट. केंद्रकातून पेशीचे स्वतःचे हुकूम बाहेर येतात, त्या दारावर जाऊन ते वाट अडवते. पेशीला आता स्वतःसाठी काही विणता येत नाही. शेजारच्या पेशींना सावध करणारे इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बनवायचे, तेही अडखळते. इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी लावला. ती आपल्या शरीराची गावदवंडी आहे. विषाणू आधी दवंडी पिटणाऱ्याचेच तोंड दाबतो. एम प्रथिनाचे दुसरे काम म्हणजे नव्या धाग्यांची घट्ट गुंडाळी करून त्यांना गोळीचा आकार देणे. ही गोळी पेशीच्या आवरणाला आतून टेकते, जिथे जी प्रथिनाचे काटे आधीच येऊन उभे असतात, आणि पेशीच्याच कातड्याचा सदरा अंगावर ओढून बाहेर पडते. फांदीला कळी फुटावी तसे हजारो विषाणू पेशीतून फुटून निघतात.

तासांचा हिशोब

त्या जनावरांच्या भावाची एक पूर्ण फेरी, म्हणजे शिरण्यापासून नवे विषाणू बाहेर पडण्यापर्यंत, प्रयोगशाळेत सात-आठ तासांत होते. समजा, एका पेशीतून फक्त १०० विषाणू पुढच्या पेशी गाठू शकले. पहिल्या फेरीनंतर १००, दुसरीनंतर १० हजार, तिसरीनंतर १० लाख. दिवस उगवून पुन्हा उगवेपर्यंत तीन फेऱ्या झाल्या. शरीर काही काचेची बशी नव्हे. तिथे संरक्षणाची फौज असते आणि हा हिशोब इतका सरळ चालत नाही. पण सकाळी अंगणात खेळणारे मूल रात्री बेशुद्ध का होऊ शकते, याचा अंदाज त्यावरून येईल.

या घाईत चुकाही होतात. छापणारे यंत्र आपले काम पुन्हा तपासून पाहत नाही. साधारण दहा हजार अक्षरांमागे एखादी चूक, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रतीत एक. बहुतेक चुकांनी ती प्रत निकामी होते, पण एखादी चूक विषाणूच्या पथ्यावरही पडते. विषाणू बदलत राहतात ते यामुळे.

मुलेच का? प्रयोगशाळेतल्या उंदरांवर असे दिसले, की अंगात टोचलेला हा विषाणू पिल्लांना मारतो, मोठ्या उंदरांना सहसा नाही. मेंदूतच टोचला तर मात्र मोठेही मरतात. म्हणजे कोवळ्या वयात त्याला मेंदूपर्यंतची वाट मोकळी मिळते. शिवाय अनेक मोठ्या माणसांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात. कधीतरी साधा ताप येऊन गेलेला असतो आणि शरीर शहाणे झालेले असते. मेंदूत पोचल्यावर तो मज्जापेशींना स्वतःचाच नाश करून घ्यायला लावतो, असे हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या अभ्यासात दिसून आले आहे.

सुई का चालत नाही?

आता सुरुवातीच्या त्या ‘पॉवरफुल सुई’कडे येऊ. अँटिबायोटिक औषधे जीवाणूंच्या संसारावर घाव घालतात. कोणते जीवाणूची बाहेरची भिंत मोडते, कोणते त्याचा रायबोसोम बंद पाडते. जीवाणूचा रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचा असतो, म्हणून त्याला मारून आपण वाचतो. विषाणूला भिंतही नाही आणि स्वतःचा मागही नाही. तो बसला आहे आपल्याच मागावर. मग माग तोडायचा तर आपलाच तुटणार! म्हणून विषाणूविरोधी औषधे थोडी आहेत, आणि ती विषाणूच्या खास स्वतःच्या यंत्रावर नेम धरतात, जसे नागिणीवर दिले जाणारे असायक्लोव्हिर. चांदीपुऱ्याच्या यंत्रावर चालणारे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. लसही बाजारात आलेली नाही, पुण्याच्या संस्थेने प्रयोगशाळेत तयार करून उंदरांवर तपासली आहे इतकेच.

हे वाचून कोणी म्हणेल, औषधच नाही तर दवाखान्यात नेऊन काय उपयोग? हा विचार सर्वांत घातक आहे. मुलाला ताप, झटके आणि गुंगी आली, तर घरी बसून ते चांदीपुऱ्याचेच आहे हे कोणालाही सांगता येत नाही. मेंदूत गेलेला मलेरिया असाच दिसतो. जीवाणूंमुळे होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह असाच दिसतो. विदर्भात आढळणारा स्क्रब टायफसही कधी कधी असेच रूप घेतो. या तिन्हींवर हमखास औषधे आहेत, पण ती वेळेवर मिळाली तर. रक्तातली साखर उतरल्यानेही मूल झटके देऊ शकते, आणि ती तपासायला एक मिनिट पुरतो. चांदीपुरा असला तरीही श्वासाची वाट मोकळी ठेवणे, प्राणवायू देणे, झटके थांबवणे, मेंदूची सूज उतरवणे, सलाईनचे प्रमाण राखणे ही कामे रुग्णालयात होतात. शरीराची फौज जमेपर्यंतचे ते काही तास निभावून नेणे, एवढाच उपचार आहे, आणि त्यावर मुले वाचतात.

तेव्हा खूण लक्षात ठेवावी. अचानक चढलेला जोराचा ताप, वारंवार उलट्या, झटका, बरळणे, हाक मारली तर ओळख न देणे, भलतीच झोप. यांतले तापाबरोबर काहीही दिसले, की सकाळची वाट पाहू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात किंवा सावनेरला प्राथमिक उपचार घेऊन नागपूरला मेडिकल किंवा मेयोत न्यावे. वाटेत मुलाला कुशीवर झोपवावे. झटका चालू असताना तोंडात चमचा, पाणी, औषध काहीही घालू नये. दातखीळ उघडण्याचा प्रयत्न करू नये. नाकाला कांदा किंवा चप्पल लावण्यात जाणारी पाच मिनिटे फुकट जातात, आणि अंगात आले म्हणून मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला तास तर परत मिळतच नाही. झटका किती वाजता सुरू झाला आणि किती वेळ चालला, ते घड्याळात पाहून ठेवावे. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. तापासाठी वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल द्यावे, तेही मूल नीट शुद्धीवर असेल तरच. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये.

वाळूमाशी आणि मातीची भिंत

विषाणू मुलाच्या अंगात पोचतो कसा? डासासारख्याच पण त्याहून बारीक अशा सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशीच्या चावण्याने. दोन-तीन मिलिमीटरची ही केसाळ, मातकट माशी बसते तेव्हा पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरते. महाराष्ट्रात अशा माश्यांतून हा विषाणू वेगळा काढला गेला आहे. सेनेगलमध्येही वाळूमाशीत तो सापडला. विषाणू माशीच्या पेशींतही वर सांगितल्याप्रमाणेच वाढतो, पण माशीला मारत नाही. मादीकडून तो अंड्यांतही उतरतो. त्यामुळे पावसाळा संपून साथ ओसरली तरी पुढच्या वर्षासाठी त्याची सोय झालेली असते.

डेंग्यूच्या डासासाठी आपण कूलर आणि टाक्या रिकाम्या करतो. ते करायलाच हवे, पण वाळूमाशीवर त्याचा परिणाम नाही. ती पाण्यात अंडी घालत नाही. तिला ओलसर, शेणकाडीची, पालापाचोळ्याची माती लागते. दिवसा ती भिंतीच्या भेगांत, कोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दडून राहते आणि संध्याकाळनंतर बाहेर पडते. तिला लांब उडता येत नाही, लहान लहान उड्या मारत ती पुढे सरकते. म्हणून उकिरडा घरापासून जितका दूर तितके बरे. कोठ्याला लागून असलेल्या खोलीत, खाली जमिनीवर मुलांना झोपवू नये. भिंतीच्या भेगा, विशेषतः खालच्या भागातल्या, चिखलाने का होईना बुजवाव्यात. नेहमीच्या मच्छरदाणीच्या छिद्रातून ही माशी आत शिरू शकते. बारीक जाळीची, किंवा कीटकनाशकात भिजवलेली मच्छरदाणी वापरावी, आणि संध्याकाळपासून मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

फवारणीचे कर्मचारी दाराशी आले, की पुष्कळ घरांतून ‘बाहेरून मारा, आत नको’ असे सांगून त्यांना परत पाठवले जाते. धान्याला वास लागेल, देवघर खराब होईल, ही भीती असते. वाळूमाशी तर आतच असते, आणि कोठ्यात. धान्य, भांडी, पिण्याचे पाणी झाकून किंवा बाहेर काढून आतल्या भिंतींवर आणि कोठ्यात फवारून घ्यावे. फवारल्यानंतर निदान अडीच-तीन महिने त्या भिंती सारवू नयेत आणि चुनाही लावू नये. नाहीतर औषध लेपाखाली झाकले जाते आणि माशी वर आरामात बसते. दिवाळीचे सारवण-रंगकाम जवळ आले असेल, तर फवारणी त्या आधी झाली आहे की नंतर होणार आहे, हे आरोग्य सेवकाला विचारून मगच हात घालावा.